पावाचा खडक

माझी बायको ईडा वारल्यापासून फोन वाजला की मी तो उशिराच उचलतो. त्या दुपारी तिची थोरली बहीण गोबनेट बोलत होती. उधाणाची ओहोटी होती म्हणून एकटीच शेवाळ काढायला उतरली होती.

"टायग, पाय कपारीत अडकलाय. लॅक अन अराइनच्या खाली. पाणी फिरलंय, भरती लागलीय."

"ते कुठे आलं?"

"पावाचा खडक रे. ईडानं कधी सांगितलं नाही का..." आणि फोन बंद पडला.

सांगितलं होतं. ती किनाऱ्यावरची नावं सांगायची आणि मी जाळं दुरुस्त करत हं हं म्हणायचो. आमच्याकडे एकाच खडकाला दोन नावं असतात. पुरुष होडीतून बघून ठेवतात, शेवाळ काढणाऱ्या बायका जमिनीवरून. बायकांनी ठेवलेलं एकही नाव मला धड येत नव्हतं.

बचाव बोटीच्या ठाण्यावर फोन लावला.

"असं नाव नकाशावर नाही, काका," तिथला माणूस म्हणाला. "पूर्वेकडे की पश्चिमेकडे? दोन्हीकडे जायला वेळ नाही."

"एक मिनिट द्या."

"मिनिटंच कमी आहेत."

बायका दिवसभर वाकून काम करणार, तर दुपारचा पाव ठेवणार कुठे? भरती सगळ्यांत शेवटी पोचेल अशा जागी. तुषार लागणार नाहीत अशा जागी. पश्चिमेचे खडक तर वाऱ्याला उघडेच. पूर्वेला आम्ही पुरुष ज्याला 'कुत्र्याचं नाक' म्हणतो तो खडक आहे. समुद्रातून नुसता सुळका दिसतो, आम्ही त्याच्यापासून होड्या लांब ठेवतो. पण एकदा ईडाला आणायला गाडी घेऊन गेलो होतो, तेव्हा ती त्याच्याच मागून वर आली होती. भर वाऱ्याचा दिवस, आणि पावाच्या टोपलीवरचं फडकं कोरडं.

"कुत्र्याचं नाक," मी म्हणालो. "जमिनीकडच्या अंगाला."

"नक्की?"

नक्की नव्हतं. "नक्की," मी म्हणालो.

गाडीत पहार टाकली आणि निघालो. कड्यावरून खाली बघितलं तर नुसतं पाणी. हाका मारत, बसत-सरकत उतरलो. उत्तर येईना. पश्चिमेला असली तर मीच तिला मारली, एवढंच डोक्यात होतं.

"ओरडू नकोस, ऐकू येतंय," खडकाआडून आवाज आला.

पाणी तिच्या छातीशी होतं. तीनदा पहार निसटली. चौथ्यांदा दगड हलला आणि पाय निघाला, बूट आतच राहिला. तेवढ्यात सुळक्याला वळसा घालून बोट आली.

"किती वेळ लावलास," गोबनेट म्हणाली. तिचे दात वाजत होते. "ईडानं सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं."

"ठाऊक आहे. तिची तक्रार माझ्याकडेच यायची."

बोटीत मी तिच्या अंगावर कांबळं टाकलं. मग शेजारच्या खडकाकडे बोट दाखवलं.

"ह्याला काय म्हणता तुम्ही बायका?"

"आधी घरी ने मला," ती म्हणाली. "मग वही घेऊन बस."