फलटणचा आवाज

गेली चार वर्षं मीनाक्षीचं मराठी दुपारच्या एका फोनवर तगून होतं.

नवरा श्रीराम चंडीगडजवळ, डेराबस्सीच्या औषधांच्या कारखान्यात. सकाळी लवकर बाहेर पडायचा, संध्याकाळी ट्रॅफिकमधून पिळून निघाल्यासारखा घरी यायचा, आणि मग जेवण होईपर्यंत ‘हं’ आणि ‘बरं’ यापलीकडे फारसं बोलायचा नाही. मुलगी ऋजुता पंधरा वर्षांची. तिला आईचं सगळं कळायचं, अगदी ‘उंबरठ्यावर तिन्हीसांजेला बसू नये’पर्यंत कळायचं, पण उत्तर यायचं हिंदीत. ‘मम्मी, भूख नहीं है यार.’ ते राहायचे त्या झिरकपूरच्या उंच इमारतीतल्या बायका स्वभावानं मोकळ्या होत्या, लिफ्टमध्ये भेटल्या की हात धरून बोलायच्या. पण त्यांच्याशी बोलताना मीनाक्षीला प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवावं लागायचं. मनात जुळवलेल्या वाक्यातून थट्टा करता येत नाही, आणि मीनाक्षी मूळची कराडची, थट्टेखोर बाई.

काम ती घरूनच करायची, मोहालीच्या एका कंपनीसाठी. अमेरिकेतल्या इस्पितळांचे कागद तिच्या संगणकावर यायचे. कुणाचा गुडघा बदललेला, कुणाचं पित्ताशय काढलेलं. डॉक्टरांनी लिहिलेलं नीट वाचून प्रत्येक आजाराला आणि उपचाराला ठरलेला कोड द्यायचा, म्हणजे तिकडची विमा कंपनी पैसे मोकळे करते. मेडिकल कोडर म्हणतात या कामाला. तिनं दिलेले कोड तपासायचं काम आश्लेषाकडे होतं. आश्लेषा फलटणला, आपल्या घरी बसून तपासायची आणि दुपारी फोन करून काय चुकलं ते सांगायची.

चुका सांगायला दोन-चार मिनिटं पुरायची. फोन मात्र अर्धा तास चालायचा.

“राणी, हा डाव्या पायाचा कोड तू उजव्याला दिलायस. बिचाऱ्याचा धडधाकट पाय कापतील ते. बरं, जेवलीस का? काय केलं होतंस?”

मीनाक्षी सांगायची. मग आश्लेषा सांगायची. मध्येच तिकडून सासूबाईंची हाक यायची, फाटक करकरायचं, कुणीतरी भांडी धुवायला टाकायचं. मीनाक्षीनं ते घर कधी पाहिलं नव्हतं, पण चिंचेचं झाड कुठल्या अंगाला आहे आणि दुपारी ऊन कुठल्या खिडकीतून येतं ते तिला ठाऊक होतं. कधीकधी स्वतःला उत्तर माहीत असलेली शंकाही ती मुद्दाम राखून ठेवायची, फोन जरा लांबावा म्हणून. त्या अर्ध्या तासात तिला कुणीतरी ‘अगं’ म्हणायचं. दिवसभरात दुसरं कुणी म्हणत नसे.

कॅमेरा त्यांनी कधीच लावला नाही. आश्लेषा म्हणायची, “केस विंचरायचा कंटाळा येतो गं.”

सप्टेंबरात कंपनीनं चंडीगडला दोन दिवसांची परिषद ठरवली. कोडरांना आपलं प्रमाणपत्र टिकवायला दर काही काळानं अभ्यासाचे तास दाखवावे लागतात; ते तास इथे मिळणार होते. सेक्टर पस्तीसमधल्या हॉटेलात शनिवार-रविवार. घरून काम करणारे सगळे गावोगावहून येणार होते, आणि त्यात आश्लेषाही होती.

“माझ्याकडेच उतर,” मीनाक्षी म्हणाली होती.

“हॉटेल कंपनीनं दिलंय गं, आणि मला दोन्ही दिवस सकाळी लवकर तिथे पोचावं लागणार. पण येणार मी तुझ्या घरी. तुझ्या घरी आल्याशिवाय जायची नाही, पक्कं.”

आठवडाभर मीनाक्षीच्या हाताला उसंत नव्हती. भाजणी कराडहून मागवली. पडदे धुतले. रविवारचं विमान संध्याकाळचं होतं आणि परिषद जेवणाला संपणार होती, तेव्हा मधल्या वेळात घरी चहा, थालीपीठ, गॅलरीत गप्पा, असं तिनं मनात आखून ठेवलं. श्रीराम म्हणाला, “एवढं कोण येतंय? मंत्री का?”

शनिवारी सकाळी ती हॉटेलच्या दालनात शिरली. गळ्यात नावाची पट्टी अडकवलेले दोनशे-अडीचशे लोक, चहाचे कप, पंजाबी, तेलुगू, मल्याळम, सगळ्याचा एकच गलका. त्या गलक्यातून तिला फोनवरचं ओळखीचं हसू ऐकू आलं आणि तिनं मान वळवली. चेहरा ओळखीचा नव्हता. बुटकी, गोल, चष्मेवाली बाई, केसांत पांढरी बट. मीनाक्षीनं मनात जी आश्लेषा धरली होती ती उंच होती, का कोण जाणे.

“आश्लेषा?”

“अगं बाई! मीनाक्षी!” आश्लेषानं तिला कडकडून मिठी मारली. “किती बारीक आहेस तू! आवाजावरून चांगली भरलेली वाटायचीस.”

दोघी हसल्या. बोलायला मीनाक्षीनं तोंड उघडलं, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, “आश्लेषाताई!” आणि आश्लेषा वळली.

“राणी! ये गं ये. तू मधुरिमा ना?”

मीनाक्षी बाजूला सरकली. मधुरिमा नागपूरची, पंचविशीतली पोरगी. तिच्या मागून कोचीची एक, मग हैदराबादचा एक मुलगा, मग अंबाल्याच्या दोघी. सगळ्यांना आश्लेषानं तसंच कवेत घेतलं. सगळ्यांच्या घरचं तिला माहीत होतं. कुणाच्या वडिलांचं डोळ्याचं ऑपरेशन, कुणाचं लग्न मोडलेलं, कुणाच्या बाळाला दात येत होते. हिंदीतही तिच्या तोंडून ‘रानी’ तितक्याच सहज येत होतं.

जेवणाच्या टेबलावर मधुरिमा मीनाक्षीच्या शेजारी बसली. राजमा-भात कालवत म्हणाली, “आश्लेषाताई नसती नं, तर मी केव्हाच सोडलं असतं हे काम. रोज फोनवर विचारते, जेवलीस का, काय केलंस. मी सांगते, ताई, मॅगी खाऊन राहिले. मग ओरडते मला.”

“रोज?” मीनाक्षीनं विचारलं.

“हो नं. साडेबाराला. माझी वेळ ठरलेली आहे.”

मीनाक्षीनं मान डोलावली. यात आश्लेषाचं काय चुकलं होतं? काहीच नाही. ती तशीच होती, सगळ्यांशी. पण मीनाक्षीला वाटत आलं होतं की फलटणच्या त्या घरात तिच्यासाठी एक वेगळी खुर्ची मांडलेली असते. आता दिसत होतं की ती ओळीतली एक होती. साडेबाराची मधुरिमा, तीनची मीनाक्षी.

दुपारभर पडद्यावर नवे कोड येत होते आणि जात होते. व्याख्याता जखमेची खोली कशी मोजायची ते समजावत होता. मीनाक्षी पुढून तिसऱ्या रांगेत बसलेल्या आश्लेषाच्या पाठीकडे बघत राहिली. संध्याकाळी तिनं विचारलं, “जरा सुखनेवर जाऊया का? तलाव बघशील.” आश्लेषा म्हणाली, “अगं, या सगळ्या पोरी सेक्टर सतरामध्ये खरेदीला चल म्हणतायत. तूही ये ना.” मीनाक्षीनं ऋजुताच्या क्लासचं निमित्त सांगितलं आणि घरी आली. ऋजुतानं विचारलं, “कैसी हैं आंटी?” तिनं सांगितलं, “छान आहे.” मग आंघोळीला गेली आणि बराच वेळ नळ सोडून बसली.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या सत्रात कंपनीचे मोठे साहेब बोलायला उभे राहिले. सगळ्यांचं कौतुक केलं, मग म्हणाले की दिवाळीनंतर तपासणी नव्या सॉफ्टवेअरकडे जाईल. कोडरनं काम संपवलं की चुका तिथल्या तिथे स्क्रीनवर दिसतील, फोनची वाट बघायला नको. तपासनिसांना दुसरं काम मिळेल, कुणाची नोकरी जाणार नाही. टाळ्या वाजल्या. नोकरी जाणार नाही म्हटल्यावर वाजणारच.

मीनाक्षीनं तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. आश्लेषाही टाळ्या वाजवत होती. पण बाकीच्यांचे हात थांबल्यावरही तिचे जरा वेळ चालू राहिले, जणू ती दुसरंच काहीतरी ऐकत होती.

जेवण झालं, फोटो झाले. मीनाक्षीला वाटलं, आता ही कंपनीच्या बसनंच विमानतळावर जाईल. पण आश्लेषा बॅग ओढत तिच्यापाशी आली.

“चल. तुझ्या घरी जायचंय ना आपल्याला?”

मीनाक्षीनं गाडी काढली. आश्लेषा शेजारी बसली, पट्टा लावला, चपला काढून पाय वर घेतले. आता एवढा वेळ आपला, मीनाक्षीनं मनात म्हटलं. बोलायचं इतकं होतं की सुरुवात सापडेना. ट्रिब्यून चौक मागे पडला तेव्हा तिनं विचारलं, “तुला माहीत होतं? ते सॉफ्टवेअरचं?”

“महिन्यापूर्वी सांगितलं होतं आम्हाला. बोलू नका म्हणाले.” आश्लेषा खिडकीबाहेर बघत होती. “मला नव्या लोकांना शिकवायचं काम देणार आहेत. रेकॉर्ड करून. मी बोलायचं, समोर कुणी नाही.”

“मग?”

“मग काय,” आश्लेषा म्हणाली, आणि तिनं मान काचेला टेकवली.

झिरकपूरचा पूल लांबून दिसायला लागला आणि तिथूनच गाड्या थांबल्या होत्या. रविवारची दुपार, लग्नाचे हॉल, शिमल्याहून परतणाऱ्या गाड्या, त्यात एक ट्रक आडवा. हॉर्नवर हॉर्न. मीनाक्षीनं चिडून स्टिअरिंगवर हात आपटला. “हे असंच असतं इथे. थांब, पुढून सोसायटीचा रस्ता आहे, तिथून...” बोलता बोलता तिनं शेजारी पाहिलं.

आश्लेषा झोपली होती.

मान काचेला टेकलेली, तोंड किंचित उघडं, चष्मा नाकावर घसरलेला. मीनाक्षीला आधी रागच आला. दोन दिवस सगळ्यांना वाटून झाल्यावर तिच्या वाट्याला ही झोप आली होती. ती तशीच बघत राहिली. जवळून पाहिल्यावर डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली. सासूबाई रात्री उठून फाटकाकडे चालायला लागतात, हे आश्लेषानं कधीतरी हसत हसत सांगितलं होतं. मीनाक्षीही तेव्हा हसली होती. रात्री त्यांच्यामागे कोण उठत असेल, हे तिनं विचारलं नव्हतं. ती स्वतः रोज काय काय सांगायची आणि आश्लेषा ऐकायची. आणि मधुरिमाचं ऐकायची, कोचीच्या मुलीचं ऐकायची.

तिनं हात लांब करून हलकेच चष्मा काढला आणि डॅशबोर्डवर ठेवला. एसीचं तोंड दुसरीकडे वळवलं. पुढची गाडी हातभर सरकली की तीही सरकायची, ब्रेक अगदी अलगद दाबत. तिच्या इमारतीकडे जाणारं वळण यायला दोन तास गेले. घड्याळात पाहिलं तर चहाची वेळ उरलेली नव्हती. फार तर वर जाऊन खाली येणं झालं असतं, आणि त्यासाठी तिला उठवावं लागलं असतं. वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत धुतलेले पडदे दिसत होते. मीनाक्षीनं वळण घेतलं नाही. सरळ विमानतळाचा रस्ता धरला.

गाडी थांबल्यावर आश्लेषा दचकून जागी झाली.

“आलं घर?”

“विमानतळ आलाय.”

“म्हणजे?” तिनं चाचपडत चष्मा शोधला, बाहेर पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला. “अगं, तू उठवलं का नाहीस मला? मी तुझ्या घरी यायचं म्हणून... सगळ्यांना सांगून ठेवलं होतं मी. बसनं नको, मला मीनाक्षीकडे जायचंय म्हणून.”

“जॅम होता. आणि तू झोपली होतीस.”

“झोपायचं नव्हतं मला. तुझ्याशी बोलायचं होतं.”

“काय?”

आश्लेषानं काहीतरी सांगायला सुरुवात केली आणि मागच्या टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला. गार्ड शिट्टी वाजवत आला, “चलो जी, चलो, गड्डी अग्गे करो.” तिनं घाईघाईनं चपला चढवल्या, बॅग उतरवली. खिडकीतून आत हात घालून मीनाक्षीचा दंड घट्ट धरला.

“खूप दिवसांनी अशी झोपले गं,” ती म्हणाली, आणि दारातून आत गेली. मागे वळून तिनं हात केला, पण तोवर गार्डनं मीनाक्षीला पुढे काढलं होतं.

घरी ऋजुता नवा ड्रेस घालून बसली होती. टेबलावर तिनं चार कप मांडले होते. “आंटी नहीं आई?”

“वेळच उरला नाही गं.”

ऋजुतानं उठून भाजणी भिजवायला परात काढली, आणि दोघींनी थालीपीठं थापली, तीन माणसांपुरती.

दिवाळीनंतर फोन थांबला. स्क्रीनवर चुका लाल दिसायच्या, दुरुस्त केल्या की हिरव्या. पहिले काही रविवार आश्लेषाचे मेसेज आले, मग तेही विरळ झाले. तीन वाजले की मीनाक्षी उठून उगाच पाणी प्यायची. स्वतःहून फोन करायचं तिच्या मनात यायचं, पण विचारायला काही शंकाच नसायची, आणि नुसतं बोलायला म्हणून आपण कधी कुणाला फोन केलाय हे तिला आठवेना.

डिसेंबरात धुकं पडलं. ऊन आठवडाभर आलं नाही. एका दुपारी तिनं काम बाजूला सारलं आणि फोन लावला. बराच वेळ रिंग गेली.

“हॅलो? मीनाक्षी? काय गं, काय झालं?” तोच आवाज, जरा धापा टाकणारा.

“काही नाही. सहज केला.”

आश्लेषा म्हणाली, “थांब हं. ठेवू नकोस. सासूबाईंना आत निजवते आणि आले. लागेल जरा वेळ. थांबशील ना?”

“थांबते,” मीनाक्षी म्हणाली.

फोन कुठेतरी ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला. मग पावलं, दाराची कडी, दूर कुठेतरी ‘चला, आई’ असं हळू समजावणं. मीनाक्षीनं फोन कानाला धरून ठेवला आणि गॅलरीच्या दारापाशी खाली बसली. बाहेर धुक्यात समोरची इमारत दिसत नव्हती.