लाइन बंद आहे

सकाळी फिलोमेनने रेडिओ लावला, तर बातम्यांच्या जागी लष्करी बँड वाजत होता. तिने सासूला हाक मारली, "आई, आज बाजारात जाऊ नका. परत बँड लागलाय."

"आता कोण आलं?"

"सांगितलं नाही अजून."

"गेल्या खेपेला लगेच सांगितलं होतं," म्हातारी कुरकुरली आणि आकासाचे, म्हणजे शिजवलेल्या मक्याच्या पिठाचे, गोळे भरलेली टोपली डोक्यावर घेऊन बाजारात गेलीच.

पश्चिम आफ्रिकेतला दाहोमे देश स्वतंत्र होऊन दहा वर्षंही झाली नव्हती. फ्रेंच गेल्यापासूनचं हे कितवं सरकार, ते फिलोमेनला बोटांवर मोजूनही धड सांगता आलं नसतं. एक अध्यक्ष गेला, दुसरा आला, दुसरा गेला तेव्हा पहिला परत आला, मग लष्कर आलं, मग लष्करातलंच दुसरं लष्कर. तिचं काम मात्र तेच होतं. पोस्टाच्या मागच्या खोलीत चाळीस नंबरांचा स्विचबोर्ड होता आणि सरकार बसायचं त्या कोतोनू शहराला जाणारी एकच लाइन होती. फोन आला की जोडायचा, दोन्हीकडून आवाज आला की आपला कान काढून घ्यायचा. अकरा वर्षं तिने तेवढंच केलं होतं.

त्या दिवशी वाळवंटाकडून येणारा हरमातानचा वारा सुटला होता. बोर्डावर धुळीचा थर बसला होता, तो पुसत असतानाच बोर्डावरची कोतोनूच्या लाइनची झडप खाली पडली, म्हणजे तिकडून फोन आला.

"मी कॅप्टन..." पुढचं नाव खरखरीत विरलं. "फौजदाराला द्या. लवकर."

तिने जोडलं. फौजदार साबींचा आवाज आला. आता कान काढायचा. तिने काढला नाही.

"तुमच्या प्रांताला उचला," कॅप्टन म्हणाला. "दुपारच्या आत."

"लेखी हुकूम, साहेब?"

"लेखी मागून येईल."

प्रांत म्हणजे तिथले मुख्य अधिकारी, आन्सेल्म होनसिनू. तिचा नवरा वारला तेव्हा बोर्डावरची तिची जागा एखाद्या पुरुषाला द्यावी म्हणून वरून चिठ्ठी आली होती. होनसिनूंनी ती फाडून टाकली होती.

दहा मिनिटांत पुन्हा झडप पडली. हा आवाज वेगळा, थंड, शिकलेल्या माणसाचा. मंत्रालयातून बोलतोय म्हणाला. त्यालाही फौजदारच हवे होते.

"तो कॅप्टन बंडखोर आहे. प्रांताच्या अंगाला हात लावलात तर उद्या तुम्ही आत असाल. समजलं?"

"समजलं, साहेब," साबी म्हणाले. पण त्यांच्या आवाजावरून त्यांना काहीही समजलेलं दिसत नव्हतं. फिलोमेनलाही समजलं नव्हतं. कोण बंडखोर आणि कोण सरकार, हे आवाजावरून कसं ओळखायचं?

अर्ध्या तासाने प्रांतसाहेब स्वतःच पोस्टात आले. अंगात कोट होता, पण पायात घरातल्या चपला होत्या.

"फिलोमेन, मला कुणाचा फोन आला का गं?"

"तुम्हाला नाही, साहेब."

"कुणाचाच नाही?" त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी डाव्या खिशातून एक कागद काढला, उजव्या खिशातून दुसरा. "या दोन तारा लिहून ठेवल्यात. एकीत नव्या सरकारचं अभिनंदन. दुसरीत बंडाचा निषेध. तू सकाळपासून बोर्डावर आहेस. कुठली पाठवू?"

"मी काय सांगणार, साहेब?"

"अगं, मला तरी कोण सांगणार?"

ती त्यांना खरं सांगणार होती. शब्द अगदी ओठांवर आला होता. तेवढ्यात दार ढकलून फौजदार साबी आत आले. कमरेला पिस्तूल, कपाळावर घाम. होनसिनूंना बघून ते थबकले.

"तुम्ही इथे?"

"तुम्ही इथे कसे?"

"मला... कोतोनूला एक फोन लावायचाय. एक गोष्ट विचारून घ्यायचीय."

"मलाही," होनसिनू म्हणाले.

दोघं बाकावर शेजारी शेजारी बसले. दर रविवारी चर्च सुटल्यावर ही जोडी सोडाबीचा, ताडाच्या दारूचा, एकेक पेला घ्यायची, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आज कुणी कुणाकडे बघत नव्हतं. साबींचा हात पिस्तुलाकडे जायचा आणि परत मांडीवर यायचा.

झडप पडली.

"प्रांत सापडला?" कॅप्टनने विचारलं. "फौजदार तिथे आहेत का? द्या त्यांना."

दोघेही तिच्याकडे बघत होते. फिलोमेनने तोंडाजवळचा कर्णा घट्ट धरला. "हॅलो? हॅलो! काही ऐकू येत नाही. हॅलो!" असं मोठ्याने ओरडून तिने प्लग उपटला. "लाइन गेली," ती म्हणाली. "वाऱ्याने खांब पडला असेल कुठेतरी."

साबींनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की होनसिनू त्यांच्याकडे बघतच राहिले.

पण सुटका कसली! बाहेरच्या खोलीतल्या रेडिओवरचा बँड थांबला आणि निवेदन सुरू झालं. राष्ट्रीय समितीने सत्ता हाती घेतली आहे, सर्व अधिकाऱ्यांनी आपली निष्ठा ताबडतोब कळवावी. होनसिनू ताडकन उठले. डाव्या खिशातला कागद त्यांनी तिच्यापुढे धरला.

"ही! ही पाठव, आत्ताच्या आत्ता."

"लाइन बंद आहे, साहेब."

"बघ ना जरा. प्रयत्न कर."

तिच्यापुढे बोर्डावर कोतोनूची झडप परत पडलेली होती. होनसिनूंना त्यातलं कळत नव्हतं, साबींनाही नव्हतं. प्लग लावायचा म्हणजे पलीकडे कॅप्टन, आणि अलीकडे हातभर अंतरावर पिस्तूल घेतलेला फौजदार. कॅप्टन समितीचा होता की समितीने त्यालाही उचललं होतं? बोर्डाची घंटा वाजू नये म्हणून तिने तिच्यात फडकं कोंबलं.

"बंद आहे," ती पुन्हा म्हणाली.

दोघं जेवायला आपापल्या घरी गेले. संध्याकाळी साबी चौकी बंद करून गेल्याचं कळलं, म्हणजे आता कॅप्टनचा फोन आला तरी तो घ्यायला फौजदार नव्हता, तेव्हा तिने होनसिनूंची तार पाठवली.

तिसऱ्या दिवशी कोतोनूहून जीप आली. आजूबाजूच्या सगळ्या प्रांतांच्या तारा दुपारच्या आत पोहोचल्या होत्या. होनसिनूंची संध्याकाळी आली होती. म्हणजे हा माणूस वारं बघत बसला होता, असं ठरलं. चौकशीला आलेल्या तरुण अधिकाऱ्याने फिलोमेनलाही बोलावलं.

"लाइन खरंच बंद होती?"

"होती."

"तारखात्याचा माणूस म्हणतो, एकही खांब पडलेला नाही."

"बंद होती, साहेब. मला ऐकू येत नव्हतं."

तिने जबाबावर दोनदा सही केली. होनसिनूंना तरीही उत्तरेकडच्या तुरुंगात नेलं. साबींची बदली झाली, ती कुठे ते कुणाला कळलं नाही.

सात महिन्यांनी पुन्हा बँड वाजला. होनसिनू सुटून आले, वाळलेले, एका कानाने बहिरे झालेले. फिलोमेन भेटायला गेली, तर त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. "सगळे उलटले गं माझ्यावर. तू एकटी खरं बोललीस."

तिच्याने राहवेना. तिने सगळं सांगितलं. कॅप्टन, मंत्रालय, फडकं, सगळं. चांगल्या कानाला तोंड लावून सांगितलं. होनसिनूंनी अंगणातल्या कोंबड्या हाकलल्या.

"तो कॅप्टन कुठला होता? समितीचा?"

"नाव ऐकू आलं नाही, साहेब."

"त्या दिवशी कोतोनूत दोन कॅप्टन होते. एकाने धरलेली माणसं रात्रीच्या आत घरी सोडली. दुसऱ्याने धरलेली अजून सापडली नाहीत. आवाज कसा होता?"

"घाईतला."

"घाईत तर सगळेच होते." त्यांनी तिच्याकडे वळून बघितलं. त्यांना राग आला होता की नाही, हे तिला कळेना. "मग तू मला वाचवलंस की अडकवलंस?"

"मला खरंच माहीत नाही, साहेब."

"मलाही नाही," होनसिनू म्हणाले, आणि बायकोला आत हाक मारून पाहुणीसाठी पाणी आणायला सांगितलं.