चोवीस औंसांची काठी

लालासाहेबाचा गुडघा फोडायचा, हे कृष्णात नांगरेनं इटलीतल्या लष्करी दवाखान्यात पडल्यापडल्याच ठरवून टाकलं होतं.

तेव्हा त्याच्या डाव्या खांद्यातून गोळ्याचा तुकडा काढून तीन दिवस झाले होते, आणि मलकापूरहून आई अंबूबाईचं पत्र आलं होतं. तिनं सांगितलेलं, गावच्या मास्तरांनी लिहिलेलं. धाकट्या भावाचा, नाथाजीचा जबडा हॉकीच्या सामन्यात सांगलीच्या लालासाहेबानं काठीनं मोडला. पुढचे चार दात गेले. पोरगं पेजेवर आहे. एवढंच. कृष्णातनं पत्र उशाखाली ठेवलं आणि पलटणीतल्या दोस्ताला म्हणाला, "घरी गेलो की पैलं काम ह्ये."

सेहेचाळीसच्या दिवाळीला तो घरी आला. नाथाजी बावीस वर्षांचा झाला होता. जबडा डावीकडं सरकून बसला होता, बोलताना शब्द घरंगळायचे. भाकरी तो दुधात कुस्करून खायचा आणि तोंड भिंतीकडं करून खायचा. कृष्णातनं दोनदा विचारलं, "चेंडू गेल्यावर मारलं का त्यानं?"

"खेळात लागतं, दादा," एवढंच नाथाजी म्हणाला, दोन्ही वेळा.

लढाईवरून परतलेल्या गड्यांनी शेजारच्या कराडात संघ उभा केला होता. हवालदारकी करून आलेला दादासो कप्तान. जानेवारीत सांगलीला विश्रामबागेच्या मैदानावर लालासाहेबाच्या कृष्णाकाठ क्लबाशी सामना ठरला. कृष्णात फुलबॅक, म्हणजे गोलापुढच्या बचावाच्या जागी, खेळायचा. पलटणीतली काठी पलटणीतच राहिली होती, म्हणून तो नवी घ्यायला साताऱ्याला गेला.

राजवाड्याजवळ चिंतामणराव साठ्यांचं दुकान होतं. साहेबलोकांच्या टेनिसच्या रॅकेटी विणून द्यायचे आणि सियालकोटच्या हॉकीच्या काठ्या विकायचे. कॉलेजात स्वतः खेळलेला माणूस.

"खेळता कसं?" त्यांनी विचारलं. "अडवून, की मारून?"

"मारून. तोफंवानी."

चिंतामणरावांनी तीन काठ्या गल्ल्यावर मांडल्या. "ही एकोणीस औंसांची. पळणाऱ्याची, चेंडू काठीला चिकटवून नेणाऱ्याची. ही एकवीसची, मधल्या फळीची. आणि ही चोवीसची. तुतीचंच लाकूड आहे, पण भरीव. खालच्या वळणात रेषा बघा, लाकडाबरोबर वळत गेल्यात. ही मोडायची नाही. फुलबॅक हीच मागतात."

"हीच द्या."

"थांबा की. काठी जागा बघून घेत नसतात, अंग बघून घेतात. नुसत्या डाव्या हातानं धरा. आडवी फिरवा आणि मध्येच थांबवा."

कृष्णातनं फिरवली. खांद्यात कळ गेली. काठी थांबायची तिथं थांबली नाही, पुढं जाऊन चेंडूंच्या बरणीवर आदळली. काचा आणि पांढरे चेंडू फरशीभर पळाले.

चिंतामणराव बरणीकडं बघतही नव्हते. "काय झालंय खांद्याला?"

"लढाई."

"मग एकवीसची न्या. खेळ थोडा बदलावा लागेल. दणका द्यायचा नाही, चेंडू अडवायचा, मनगटानं ढकलायचा, आपल्या माणसाला द्यायचा. महिन्याभरात हाताला बसेल. चोवीसची तुम्हाला उचलता येईल हो, पण आवरता येणार नाही."

कृष्णात ऐकत होता, पण त्याचा अंगठा चोवीसच्या वळणामागच्या जाड टाचेवरून फिरत होता.

"चेंडू मारणारं गिऱ्हाईक काठीचं तोंड बघतं," चिंतामणराव हळू म्हणाले. "तुम्ही मघापासून टाच चाचपताय. कुणाला मारायचंय?"

"काठी द्या, मालक."

त्यांनी दिली, पण हातात दिली नाही. गल्ल्यावर ठेवली आणि वळून काचा गोळा करायला बसले.

सामन्यादिवशी सकाळी सर्व्हिस मोटारीत बसताना नाथाजीही काठी घेऊन आला. अंबूबाई स्वतः त्याला सोडायला आली होती. कृष्णातला म्हणाली, "पोराकडं बघ. ह्या वक्ताला तू हायीस म्हणून सोडतीय."

मैदान मुरमाचं, लोखंडासारखं टणक. दोन्ही बाजूंनी माणसं दाटली होती. लालासाहेब तिशीचा, रुंद मानेचा गडी निघाला. उजव्या गुडघ्यावर त्यानं जाड पट्टा आवळला होता आणि चालताना तो पाय जरा ओढत होता. कृष्णातला बरं वाटलं. कुठं मारायचं त्याची देवानंच खूण करून ठेवली होती.

शिट्टी झाली. पहिल्या पाच मिनिटांतच कराडच्या एकाचं बोट फुटलं. मग सांगलीच्या राइट इनच्या, पुढच्या फळीतल्या गड्याच्या, भुवईवर चेंडू बसला, आणि तो रक्त पुसत तसाच खेळत राहिला. कृष्णातनं एकच चेंडू दणकून मारला तेव्हा खांद्यात सुरी फिरल्यासारखं झालं. पुढचे दोन त्याच्या काठीखालून गेले, कारण काठी वेळेवर खाली येतच नव्हती. दोन्हीचे गोल झाले.

"कृष्णात, जागा धर!" दादासो ओरडला. "फुलबॅक हायीस का फिरस्ता?"

कृष्णातला जागा धरायचीच नव्हती. लालासाहेब पलीकडच्या टोकाला, आणि हा इकडं. तो आपली बाजू उघडी टाकून धावत सुटला. चेंडू लालासाहेबाकडं आला तसा ह्यानं चेंडूचं निमित्त करून टाच त्याच्या नडगीवर घातली. कातडं फाटलं, मोजा लाल झाला. लालासाहेबानं ओरडण्याआधी काठीचं वरचं टोक कृष्णातच्या बरगडीत खुपसलं. दोघं एकमेकांच्या अंगावर पडले, गुडघे, कोपर, दात, सगळं चाललं. पंचांनी दोघांना सोडवून ताकीद दिली. मध्यंतरात कृष्णात थुंकला तर थुंकी तांबडी होती.

नाथाजी जवळ आला. "दादा, त्येचा नाद सोड. तुला समदं ठावं न्हाई."

"तुजं तोंड मला दिसतंय. आनि काय ठावं पायजे?"

नाथाजीनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तोवर शिट्टी झाली.

मध्यंतरानंतर लालासाहेब चेंडू घेऊन पुढं आला. कराडचे दोघं त्यानं चुकवले. तिसऱ्याला चुकवताना त्याचा उजवा गुडघा आत वळला आणि माणूस कुशीवर कोसळला. चेंडू घरंगळत बाजूला गेला. सगळे चेंडूमागं धावले. कृष्णात धावला नाही. तो लालासाहेबाच्या पायाशी येऊन उभा राहिला. पट्टा सुटून गुडघा उघडा पडला होता, सुजलेला, मध्ये जुना वण. कृष्णातनं दोन्ही हातांनी काठी डोक्यावर नेली.

"दादा, नगं!" नाथाजी आडवा आला. "आदी म्या मारलं व्हतं! त्येचा गुडगा म्या फोडलाय, मागनं!"

कृष्णातनं प्रत्येक शब्द ऐकला. त्याला ते कळलंही. त्यानं काठी मागं ओढली, निदान मनानं तरी ओढली. पण काठी निघाली होती आणि डाव्या खांद्यानं साथ सोडली. ती नाथाजीच्या आडव्या धरलेल्या हातावर, मनगट आणि कोपराच्या मध्ये उतरली. वाळलेला ऊस मोडावा तसा आवाज झाला.

 नाथाजी मटकन बसला आणि आपल्या वाकलेल्या हाताकडं बघत राहिला.

माणसं मैदानात घुसली, शिव्या सुरू झाल्या, कुणीतरी दगड उचलला. लालासाहेब एका पायावर उठला आणि गरजला, "कुणी हात लावायचा न्हाई कुणाला! गोलकीपर, तुझं पायाचं पॅड सोड!" पॅड आलं. त्यानं ते नाथाजीच्या हाताभोवती गुंडाळलं, सुटलेला पट्टा वर आवळला. हे सगळं तो सरावल्यासारखं करत होता. मग त्यानं कृष्णातकडं पाहिलं.

"दोन सालांमागं ह्यानं माझा गुडघा फोडला, मी ह्याचं थोबाड फोडलं. अकरा दिवस दवाखान्यात आम्ही शेजारी शेजारी खाटेवर पडून होतो. आमचं आम्ही मिटवलं. ह्याला पेज मी पाजली. तुला रं कुणी बोलावलं होतं?"

कृष्णातनं काठी बाजूला टाकली. तो नाथाजीपुढं बसला. "मला का न्हाई सांगितलंस?"

"आयेला काय सांगू? मागनं वार केला म्हनून?" नाथाजीच्या डोळ्यांतून आता पाणी गळत होतं. "तू तकडं लढाईत. मला लाज वाटली, दादा. पत्रात मास्तरांनी जेवडं लिवलं तेवडंच ऱ्हाऊ दिलं."

हाडवैद्यानं हात बसवला तेव्हा त्याला धरून ठेवायला एका बाजूला कृष्णात होता आणि दुसऱ्या बाजूला लालासाहेब. हाड ओढताना नाथाजीनं कृष्णातच्या दंडाला दात लावले, जेवढे उरले होते तेवढे, आणि रक्त आलं. कृष्णातनं दंड काढून घेतला नाही.

दिवे लागणीला दोघं घरी पोचले. अंबूबाई दारात आली, तिनं बांबूच्या कांबीत बांधलेला हात पाहिला.

"कुणी केलं?"

"खेळात लागलं," नाथाजी म्हणाला.

"न्हाई," कृष्णात म्हणाला. "म्या मोडला, आये. म्या."

त्यानं सगळं सांगितलं, नाथाजीनं मागून मारलेला वार धरून. नाथाजी खाली मान घालून उभा होता. ऐकून झाल्यावर अंबूबाईनं कृष्णातच्या कानशिलात भडकावली. लढाईवरून आलेला सत्तावीस वर्षांचा गडी, पण तो हलला नाही. मग तिनं नाथाजीच्याही एक लगावली, मोडलेला जबडा वाचवून, दुसऱ्या गालावर.

"एक मागनं मारतोय, एक न इचारता मारतोय," ती म्हणाली.  "सोमवारी गुऱ्हाळ लागतंय. ऊस कोन तोडनार? तुमचा बा तर कवाच वर गेला."

"मी तोडतो," कृष्णात म्हणाला.

"त्या खांद्यानं?"

"ह्याच."

सोमवारी तो उजेडायच्या आत फडात उतरला. उजव्या हातात कोयता, डाव्या हातानं ऊस धरायचा. दुपारपर्यंत डावा हात खांद्यापासून जड झाला, बोटं मिटेनात. तेव्हा नाथाजी बांधावरून उठून आला, शेजारी उभा राहिला आणि आपल्या धडक्या हातानं त्याला ऊस धरून देऊ लागला.

"वर धर," कृष्णात म्हणाला. "कोयता लागंल."

नाथाजीनं हात वीतभर वर नेला. "बुडात घाल. वर नगं."

संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून एका गड्याचं काम केलं.