द्राक्षांच्या टाकीतला फोन

अदेलिनू दगडी टाकीत गुडघाभर द्राक्षं तुडवत होता आणि भलताच खुशीत होता. काळजीची गोष्ट नेमकी तीच होती. मागचं आजारपणही खुशीतच सुरू झालं होतं आणि वेड्यांच्या इस्पितळात संपलं होतं. म्हणून डॉक्टरांनी आता त्याच्या फोनमध्ये एक पहारेकरी ॲप बसवलं होतं. ते त्याचं चालणं, बोलणं, झोप यांवर नजर ठेवायचं. वाइन द्राक्षं पायांनी तुडवून होते, हे मात्र त्या ॲपला कुणी सांगितलं नव्हतं.

खिशात फोन थरथरला. ‘तुमचं चालणं-बोलणं अचानक फार वाढलंय. बरे आहात ना?’

अदेलिनूचे पाय थिजले.

“भावजी, तुडवा की,” शेजारची कुश्तोदिया वहिनी म्हणाली. “द्राक्षांना दुखत नाही.”

त्याने इस्पितळातल्या नर्स बेल्मिराताईंना फोन लावला.

“कुठे आहात?”

“द्राक्षांच्या टाकीत.”

“मग पाय चालणारच. बाकीचेही हसताहेत ना?”

त्याने वळून पाहिलं. एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून तुडवणाऱ्यांची सगळी रांग हसत होती. मागच्या वेळीही सगळे हसतच होते. फक्त ते त्याला एकट्यालाच दिसत होते.

त्याने फोन रांगेसमोर धरला.

“ताई, तुम्हीच ऐका,” तो म्हणाला, “आणि मला सांगा.”