घोडी भलत्याच गल्लीत

खामगावात कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागं घराला घर चिकटलेली वस्ती होती. अलीकडची गल्ली माळ्यांची, पलीकडची बौद्धांची. एप्रिलपासून दोन्हींत बोलणं बंद होतं. भीमजयंतीची मिरवणूक माळी गल्लीत शिरताना रंगराव भाजीवाल्यानं पुढं होऊन अडवली होती. काठ्या निघाल्या, पोलीस आले, मिरवणूक लांबून फिरून गेली.

मे महिन्यात त्याच रंगरावच्या पोरीचं, रुख्मिणीचं, लग्न निघालं. नवरदेव दयाराम वडनेरचा, जन्मात घोडीवर बसला नव्हता. वरात मांडवाशी येते न येते, तोच बँडवाल्यानं ढोलावर असा दणका दिला, की घोडी बुजली आणि नवरदेवासकट थेट बौद्धांच्या गल्लीत घुसली. रंगराव धोतर सावरत मागं धावला.

गल्ली इतकी अरुंद, की घोडीला वळता येईना. दयाराम तिच्या मानेला मिठी मारून ओरडत होता, "मले उतरवा हो!" जानराव हमालानं लगाम धरला. त्याची बायको बेबीताई लिंबाचं सरबत घेऊन आली. दयारामनं दोन पेले घटाघटा रिचवले, तिसरा मागितला.

मागून आलेलं वऱ्हाड थबकलं. बौद्धांच्या हातचं पाणी! सगळे रंगरावकडं पाहू लागले. सोयरीक मोडली तर? तेवढ्यात बेबीताईनं त्याच्यापुढंही पेला धरला.

"घ्या, रंगरावभाऊ. का जयंतीसारखं हेबी अडवता?"

रंगरावला लाज वाटली. पाण्याची नव्हे, एप्रिलची. त्यानं पेला रिकामा केला, मिशा पुसल्या.

"अजून हाय काय?"

दारादारांतून बाया खळखळून हसल्या. नवरदेवाचे वडील महादेवराव जरा घुटमळले, मग म्हणाले, "पोरगं तीन पेले पेलं, मंग मीच काऊन तहानेला राहू? आना इकडं!"

वरात त्याच गल्लीतून, विहारासमोरून, वाजतगाजत पार होऊन मांडवात आली. लगाम जानरावच्या हातात. मुहूर्त टळला, भटजी चिडले. रुख्मिणी अंतरपाटाआड हसू दाबत होती.

जाताना जानरावनं रंगरावला विचारलं, "पुढच्या जयंतीले कोन्या रस्त्यानं येऊ?"

"आमच्या दारावरून या. पन घोडी आनू नका, बावा!"

माळी गल्लीत काहीजण फुरंगटले. तरी पुढल्या एप्रिलात मिरवणूक तिथूनच गेली. रंगरावनं भाजीची हातगाडी स्वतः ओढून वाट मोकळी केली, आणि त्याची बायको अन्नपूर्णाबाई बेबीताईला हाताला धरून ओसरीवर घेऊन गेली.