झाकणाची फट

मी एक जुनी, निळी बर्फाची पेटी आहे. मित्रांनो, अंगाला मासळीचा वास येतो, तेव्हा नाक धरायचं तर आत्ताच धरा. दादरच्या बाजारात गुणवंतीबाईंच्या पाटीशेजारी माझी उमेदीची सारी वर्षं गेली. पापलेट, सुरमई, कोलंबी, सगळं पोटात सांभाळलं. "गुणवंतीची मासळी ताजी," म्हणत गिऱ्हाईक यायचं. माझं नाव कोण घेणार? नवी पेटी आली आणि माझी रवानगी मोरीत झाली.

तिथून मला चैत्रालीने काढलं. ही गुणवंतीबाईंची लेक, परळच्या प्रयोगशाळेत संशोधन करते. तिथली पेटी मोडली होती आणि गिरगावच्या दवाखान्यातून गोठवलेले नमुने आणायचे होते. मूल व्हावं म्हणून उपचार घेणाऱ्या बायकांच्या अंडाशयातून बीज काढताना थोडं पाणी निघतं. काही जणींनी ते अभ्यासासाठी दिलं होतं. ते वाटेत वितळलं की सगळं फुकट.

तिने मला घासून धुतलं, सुका बर्फ भरला, दवाखान्यात नेऊन नमुन्यांच्या नळ्या ठेवल्या. पुढे दादरला बाजारात जायचं म्हणून गुणवंतीबाईही सोबत होत्या.

"त्या पाण्यात एवढं काय गो?"

"आये, त्यात मायक्रोआरएनए असतात, अगदी बारके. हार्मोन बनवायचा निरोप पेशीत निघाला की ते त्याला धरतात. गॅस बंद नाय करत, आच मंद करतात. ती आच कमीजास्त झाली की हार्मोनचा तोल जातो, पाळी बिघडते. काही बायकांत असं का होतं, ते शोधतेय."

ती टॅक्सी बघायला गेली. गुणवंतीबाईंनी माझं सैल झाकण पाहिलं, त्यातून निघणारा पांढरा धूर पाहिला आणि कपाळावर हात मारला. "थंडावा चालला सगळा! शिकल्या मुली!" नायलॉनची दोरी काढून त्यांनी मला गच्च आवळलं. माशांसाठी जन्मभर तसंच केलं होतं त्यांनी.

टॅक्सीत माझं पोट फुगू लागलं. पेटीला तोंड असून बोलता येत नाही, हे दुःख तुम्हाला नाही कळायचं. लालबागला धाडकन आवाज झाला. माझा कोपरा तडकला, झाकण उडालं, नळ्या पायाशी घरंगळल्या.

"खिडक्या उघडा!" ओरडत चैत्रालीने हातमोजे चढवले आणि भराभर नळ्या बर्फात घातल्या. एक फुटली होती.

"मी तर थंडावा राखायला बांधली गो," गुणवंतीबाई सुटलेली दोरी गोळा करत म्हणाल्या.

"आये, ह्या बर्फाचं पाणी होत नाय, वायू होतो. त्याला फट लागते. चूक माझी. तुला सांगायला हवं होतं."

"मग जिची नळी फुटली, त्या बाईकडून परत आणशील?"

"नाय. तिने एकदा सोसलं. परत कुठल्या तोंडाने मागू?"

परळ येईपर्यंत गुणवंतीबाईंनी माझं झाकण तळहाताने नुसतं टेकवून धरलं, धुराला वाट देत. हात गारठून लाल झाला, तरी काढला नाही.

बाकीच्या नळ्या वाचल्या. मी आता प्रयोगशाळेत असते, चिकटपट्टी लावलेला कोपरा घेऊन. मित्रांनो, जे जीवापाड जपायचं, ते आवळू नका. गुणवंतीबाई ती दोरी घरी घेऊन गेल्या. नव्या पेटीलाही त्यांनी ती अजून बांधलेली नाही.