टॅमचं डावं शिंग

हरणाचा पाय मोडला तर त्याला पकडायला जाऊ नये, हे मॉसबर्नच्या बाजूला शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पकडलेलं हरीण पायाने नाही, भीतीनेच मरतं. त्याला आडोशाचं लहानसं कुरण द्यायचं, सोबतीला एखादी शांत, वयस्क मादी सोडायची आणि पाठ फिरवायची. हाड आपलं आपण जुळतं.

तिथेच हरणं पाळणाऱ्या फर्गसनेही तेच केलं. फक्त पाय मोडला कसा, हे कुणाला सांगितलं नाही.

तिकडे ऐन हिवाळा जूनमध्ये असतो; त्या थंडीत त्याची बायको नोएलीन आजारी बहिणीकडे इन्व्हरकार्गिलला गेली होती. जाताना तिने एकच बजावलं होतं, "टॅमला सांभाळ." टॅम म्हणजे तिने बाटलीने दूध पाजून वाढवलेला नर. कळप हाकताना फर्गसने आपली चारचाकी मोटारसायकल नको तेवढी रेटली. टॅम बिथरला, फाटकात अडकला आणि मागचा उजवा पाय नडगीत मोडून बसला. फर्गसने बंदूक आणली आणि तशीच परत नेऊन ठेवली. दया वगैरे नंतर. आधी बायकोची भीती वाटली.

टॅमने मात्र नशीब काढलं. आधी तीन पायांवर, मग चौथा टेकवत टेकवत, असं करत ऑगस्टमध्ये नोएलीन परतली तेव्हा तो नीट चालत होता. तिने त्याला गाजर भरवलं, अंगावरून हात फिरवला.

"छान ठेवलास हो," ती म्हणाली. फर्गसचा जीव भांड्यात पडला.

पण हरणाच्या जातीत एक खोड आहे. मागचा पाय मोडला की दरवर्षी गळून नव्याने येणारं शिंग वाकडं फुटतं, तेही विरुद्ध बाजूचं. का, ते देव जाणे. ऑक्टोबरात टॅमचं उजवं शिंग झोकात वर आलं आणि डावं उन्हातल्या मेणबत्तीसारखं कानावर लवंडलं.

"हे काय रे?" कुंपणाशी उभ्या नोएलीनने विचारलं.

"वारा काय कमी होता का यंदा! कोवळं असतं ते."

"वाऱ्याने? मग तुझं नाक कसं सरळ राहिलं?"

फर्गसने टोपी काढली, पुन्हा घातली. "नोएलीन, जूनमध्ये ना..."

"माहितेय. आले त्याच दिवशी नडगीची गाठ हाताला लागली."

"मग बोलली का नाहीस?"

"हरीण एकटं सोडलं की बरं होतं. म्हटलं, नवऱ्यालाही सोडून बघू. दोन महिने सोडलं की!"

फर्गसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिडली असती तर बरं झालं असतं, पण ती चिडली नव्हती. टॅमला हातातलं गाजर देऊन तिने हात झग्याला पुसले.

"सोमवारी परत बहिणीकडे जातेय," ती म्हणाली. "टॅमकडे बघायला शेजारचा ड्यूगल्ड येईल."